खडीवरचं खापर

गाडी माझ्याखालून निघून गेली आणि मी खडीवर बसलेली राहिले. मांडीवर खापर होतं.

पडले असं म्हणता येणार नाही. पडणं म्हणजे काहीतरी घडावं लागतं. इथे नाल्याचा चढ होता, नातवाच्या मोटारसायकलचं मागचं चाक एकाच जागी गरगरत होतं, खडे उडत होते, तो दोन्ही पाय आपटत होता, आणि मग गाडीला काय सुचलं कोण जाणे, ती एकदम पुढे गेली. मी गेले नाही. आधी ढुंगण टेकलं, मग पाय टेकले. गाडी वळणावरून वर चढली आणि दिसेनाशी झाली. मी हाक मारली. पण नातवाच्या डोक्यावर ते भोपळ्याएवढं हेल्मेट, आणि गाडीचा आवाज असा की मला माझीच हाक ऐकू आली नाही.

मी आधी गोधडी सोडून खापर पाहिलं. बोटाच्या पेराने वाजवलं. खापर चांगलं असेल तर टणटण बोलतं, तडा गेला असेल तर बद्द वाजतं. ते टणटण बोललं. मग मी स्वतःला चाचपलं. मला वाजवून बघायची गरज नव्हती, सगळीकडून दुखत होतं, म्हणजे सगळं जागेवर होतं.

खापर म्हणजे काय हे आमच्या खानदेशात सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगते. मोठ्या मडक्याचं बूड असतं तसं मातीचं गोल भांडं, चुलीवर पालथं घालायचं. त्याच्या पाठीवर पुरणाचे मांडे भाजायचे. मांडा पोळपाटावर लाटत नाहीत. हातावर घेऊन, फिरवत फिरवत, कोपरापर्यंत येईल एवढा मोठा करायचा आणि खापरावर टाकायचा. हल्ली लोखंडाची खापरं निघाली आहेत. त्यांवर मांडा भाजतो, पण करपतो आधी आणि शिजतो नंतर. माझं खापर मातीचं, भडगावचं, गिरणाकाठच्या मातीचं. ज्याने केलं तो कुंभार आता नाही, त्याच्या मुलांनी गॅरेज टाकलं आहे. आमच्या तापीकाठच्या गावात लग्न असो, डोहाळजेवण असो, मांड्यांसाठी मला बोलावणं येतं. खरं तर मला नाही येत. खापराला येतं, मी त्याच्यासोबत जाते. ते नसेल तर मी ओट्यावर बसलेली एक म्हातारी, आणि तशा आमच्या गल्लीत पुष्कळ आहेत.

म्हणून निघताना मी सगळ्यांना बजावलं होतं, खापर जसं नेते आहे तसं परत आणायचं. आणायचं म्हणजे आणायचं.

न्यायचं होतं अक्काकडे. अक्का माझी थोरली बहीण. तिला शिरपूरच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावात दिलेली. ती दर हिवाळ्यात मरायला टेकते. निरोप येतो, आता काही खरं नाही, सगळे येऊन भेटून जा. आम्ही जातो, ती उठून बसते, जेवते, आमच्या सुनांना नावं ठेवते. या खेपेचा निरोप मात्र वेगळा होता. फोनवर स्वतः बोलली.

"मी आते चालनी. पण तुन्हा खापरवरला मांडा खाईसन जासू."

म्हणजे मी आता निघाले, पण तुझ्या खापरावरचा मांडा खाऊन मग जाईन. आम्ही घरात अहिराणीच बोलतो. इथे सगळ्यांना कळावं म्हणून बाकी घरच्यांचं बोलणं सरळ मराठीत लिहिते आहे. अक्काचं बदलत नाही. तिचं बदललं तर ती अक्का राहत नाही.

मरणाऱ्या बहिणीला नाही कसं म्हणणार? मी म्हटलं, येते. आता जायचं कसं? अक्काच्या गावच्या रस्त्याचं काम चाललेलं. खडी टाकून ठेवलेली, डांबराचा पत्ता नाही. नाल्यावरचा फरशीचा पूल खचलेला, त्यामुळे एसटी बंद, जीप बंद. मोटारसायकल तेवढी नाल्यात उतरून पलीकडे निघते. हे ऐकून बाकीच्यांची तोंडं उतरली आणि माझ्या नातवाचं फुललं. तो पुण्याला नोकरी करतो, सुट्टीवर आला होता, नवी उंच गाडी घेऊन.

"आजी, लोक सुट्ट्या काढून मुद्दाम असल्या रस्त्यावर गाड्या चालवायला जातात. दिवसभराची ग्रुप राइड म्हणतात त्याला."

"घरचे सोडतात त्यांना?"

"पैसे भरून जातात आजी!"

"मग त्या घरात बाया नसतील."

तीन गाड्या निघाल्या. एकीवर माझा थोरला मुलगा आणि थोरली सून. दुसरीवर धाकटा मुलगा आणि धाकटी सून. तिसरीवर हा नातू, म्हणजे थोरल्याचा मुलगा, आणि मागे मी एका बाजूला पाय सोडून, मांडीवर गोधडीत गुंडाळलेलं खापर. पुरणाचा डबा धाकटीकडे, वस्त्रगाळ पीठ थोरलीकडे, तुपाचा डबा थोरल्याच्या गाडीच्या पिशवीत. नातवाने नियम सांगितले. पहिल्याने रस्ता बघायचा. मधल्याने पहिल्याला बघायचं. शेवटच्याने कुणी पडलं का ते बघायचं. शेवटचा म्हणून त्याने धाकट्याला नेमलं. धाकट्याने मान डोलावली. शाळेतही तो अशीच मान डोलवायचा, म्हणून तर नापास झाला.

शिरपूरपर्यंत डांबरी रस्ता होता, काही बिघडलं नाही. शिरपूरला चहाला थांबलो तिथे बिघडलं. थोरला गाडीकडे वाकून बघत म्हणाला, "गाडी मागून दबते आहे."

थोरली म्हणाली, "काय म्हणालात?"

"गाडीचं म्हणालो."

"गाडीवर मागे कोण बसतं?"

ती उठली, पिठाची पिशवी उचलली आणि म्हणाली, मी या गाडीवर बसायची नाही. इथून खरा घोळ सुरू झाला, कारण आमच्यात कुणी कुणाच्या मागे बसावं याला रीत आहे. भावजयीने जेठाच्या मागे बसायचं नाही. जेठ म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. त्याच्यासमोर धाकटीने डोक्यावरचा पदर पडू द्यायचा नाही, त्याला शिवायचं नाही, मग गाडीवर खांदा कसा धरणार? म्हणजे थोरल्याच्या मागे धाकटी चालत नाही. थोरली बसत नाही. राहिले मी. थोरल्याच्या मागे बसू शकेल अशी त्या सगळ्या ताफ्यात मी एकटी उरले, आणि थोरल्याची गाडी अशी की खड्ड्यातून गेली की कवळी हातात येते. माझी कवळी गेली तरी चालेल, खापर नाही.

नातू म्हणाला, "काकू, तुम्ही पप्पांच्या मागे बसा ना, काय होतंय? पुण्यात कुणी बघत पण नाही."

धाकटीने पदर आणखी पुढे ओढला. धाकटा म्हणाला, "पुण्यात तू बस."

थोरलाही दुसरीकडे बघत उभा. मी म्हटलं, बसते मी, पण हळू चालव. थोरली तिच्या मुलाच्या मागे बसली, धाकटी नवऱ्याच्या मागे, आणि मी दबलेल्या गाडीवर. डांबर संपलं, खडी लागली. थोरल्याचा राग उतरला नव्हता. तो गाडी बायकोवर चालवावी तशी त्या खडीवर चालवत होता. मी नाल्यापर्यंत दात आवळून आले. नाल्याच्या काठावर मी उतरले आणि सांगितलं, आता बस. नाल्यातून मी तुझ्या गाडीवर येणार नाही, नातवाच्या गाडीवर येते. पलीकडे गेल्यावर बघू.

आता काय झालं ते नीट सांगते, कारण घरात अजून यावरून भांडणं होतात. थोरला रागाने एकटाच नाल्यात उतरला आणि पलीकडे चढून सुसाट निघून गेला. त्याला वाटलं, माय पोराच्या मागे आहे. दोघी सुना नाल्याच्या वरच्या अंगाने, दगडांवरून पाय टाकत पलीकडे चालत गेल्या. धाकटा शेवटी राहायचा होता, पण थोरल्याने उडवलेली धूळ बघून तो म्हणाला, मी काय धूळ खायला आलो का, आणि दुसरा निघाला. पलीकडे धाकटीला घेऊन तोही गेला. शेवटी नातू आणि मी. चढावर मी खाली बसले हे आधी लिहिलंच आहे. नातवाला वाटलं, चाक फिरतं आहे म्हणून आजी शहाणपणाने उतरली. तो वर जाऊन बायांची वाट बघत उभा राहिला. तेवढ्यात त्याची आई आली. तिने बघितलं, नवऱ्याची गाडी पुढे गेली आहे. त्या गाडीवर बसणारी एकटी मीच, म्हणजे सासू नवऱ्यामागे गेली. ती काही न बोलता मुलाच्या मागे बसली. मुलाला मागे वजन लागलं. त्याला वाटलं आजी आली, आई पप्पांसोबत गेली असेल. तो निघाला.

कुणीही चूक केली नाही. सगळ्यांनी रीत बघून हिशोब केला, आणि हिशोबात मी नाल्यात राहिले.

मी थोडा वेळ बसून राहिले. उठायचं तर आधी खापर खाली ठेवावं लागणार आणि खाली सगळी टोकदार खडी. तेवढ्यात डोक्यावर सरपणाची मोळी घेतलेली एक बाई नाल्यातून वर आली. डोंगराकडची होती. थांबली, मला बघितलं.

"पडनी का व माय?"

"नई, बठेल शे," मी म्हटलं. म्हणजे पडले नाही, बसले आहे.

तिने रस्त्याकडे पुढे-मागे पाहिलं. रस्त्यात काही नव्हतं. "कोनी वाट देखी राहिनी?"

"ज्यांनी टाकून दिलं त्यांची."

ती हसली. मोळी उतरवून ठेवली, माझ्या मांडीवरून खापर उचलून घेतलं, मला हात देऊन उभं केलं, खापर परत हातात दिलं आणि मोळी चढवून निघून गेली. एवढं सगळं तिने मी न सांगता केलं. मी वर वळणापर्यंत चालत गेले. तिथे रोलर होता.

खडी दाबायचा मोठा पिवळा रोलर, आणि त्यावर पागोट्यासारखा टॉवेल बांधलेला माणूस. मला येताना बघून त्याने रोलर थांबवला. रोलर थांबवायला काही लागत नाही, तो मुळात चाललेला आहे की नाही हेच निरखून बघावं लागतं.

"आजी, कुठून आल्या?"

"गाडीवरून."

"कोणत्या?"

"गेली ती."

त्याने तीन गाड्या जाताना बघितल्या होत्या. म्हणाला, "तिसरीवर बाई होती की मागे!"

"ती दुसरी बाई. भाऊ, तुझा रोलर कुठपर्यंत जातो?"

गावाच्या वेशीपर्यंत जातो म्हणाला, खडी तिथपर्यंतच आहे. मी म्हटलं, मग मला घे. बसायला जागा नाही म्हणाला. मी म्हटलं, उभी राहते. त्याने शेवटी स्वतःची जेवणाची पिशवी काढून बाजूच्या पत्र्यावर जागा केली आणि मला चढवलं. खापर मांडीवर घेतलं. आणि काय सांगू, त्या दिवसात पहिल्यांदा माझ्या हाडांना बरं वाटलं. रोलर उसळत नाही. खड्डा आला तर खड्डा बुजवतो आणि मग जातो. मोटारसायकल बनवणाऱ्यांनी हे शिकून घ्यायला हवं.

"गोधडीत काय आहे?"

"खापर."

"मातीचं?" त्याने मान वळवून नीट बघितलं. तो जामनेरकडचा होता. "आमच्याकडे आता सगळीकडे लोखंडाचं झालं. सांभाळा आजी, लोक टपलेले असतात."

मला वाटलं, उगीच बोलतो आहे.

इकडे गाड्या अक्काच्या दारात पोचल्या होत्या. तिथलं मला नंतर कळलं. अक्का बाजेवर पडलेली, डोळे मिटलेले, अंगावर शाल. गाड्यांचा आवाज आला तसा तिने एक डोळा उघडला आणि सगळ्यांवरून फिरवला.

"बठ्ठा ऊनात. खापर कोठे शे?"

सगळे आले, पण खापर कुठे आहे? बहीण कुठे आहे हे तिने विचारलं नाही. पण खापर शोधता शोधता त्यांना मी नाही हे समजलं. थोरल्याने नातवाकडे बघितलं, नातवाने थोरल्याकडे.

"माय तुझ्या मागे होती ना?"

"मला वाटलं तुमच्या मागे असेल! माझ्या मागून तर आई उतरली."

"मला काय विचारतोस," थोरली म्हणाली. "मी तुझ्या बापाशी बोलत नव्हते."

मग सगळे धाकट्याकडे वळले. शेवटचा कोण होता? धाकटा म्हणाला, "शेवटचा हा होता, मी दुसरा होतो." आणि हे त्याने असं सांगितलं म्हणे, जशी काही शर्यत होती.

तिन्ही गाड्या उलट्या फिरल्या. मला समोरून धुळीचा ढगच येताना दिसला. थोरला सर्वांत पुढे. त्याने मला रोलरवर बसलेलं बघितलं, घाबरून ब्रेक दाबला आणि खडीवर आडवा झाला. घसरत रोलरच्या पुढ्यात आला. रोलरवाल्याने शांतपणे रोलर थांबवला, विडी काढली आणि म्हणाला, "उठा सावकाश. आपल्याला घाई नाही."

थोरल्याचं ढोपर फुटलं होतं. तुपाचा डबा त्याच्या गाडीच्या पिशवीत होता, तोही फुटला. तिथे खडीवर आमचं घरचं तूप सांडलं आणि रोलर पुढे त्यावरून गेला. तेवढा रस्ता अजून चांगला आहे म्हणतात.

थोरली नवऱ्याशी बोलत नव्हती, ती पदर फाडून ढोपर बांधायला बसली. "दबते म्हणे गाडी," एवढंच पुटपुटली आणि गाठ जरा जोरात मारली.

नातू हेल्मेट काढून माझ्यासमोर उभा राहिला. त्याचं तोंड एवढंसं झालेलं. "आजी, चुकलं. ये, माझ्या मागे बस, हळू नेतो."

"नको. मी बरी आहे इथे."

"आजी, रोलरवर?"

"तुमच्यापैकी कुणीही मला विसरू शकतं. रोलरवाला विसरेल तरी मी उतरून घरी जाऊन परत येईन, तोवर तो इथेच असेल."

मग आम्ही निघालो. पुढे रोलर, त्यावर मी, मागे तीन मोटारसायकली. रोलरच्या चालीने चालताना गाड्या बंद पडत होत्या, पाय ओढावे लागत होते. शेतातल्या बाया कापूस वेचायच्या थांबून बघत होत्या. एकीने विचारलं, कुणाची वरात? नातू मागून म्हणाला, "आजी, ही काय राइड झाली का?"

"सगळे एका चालीने चाललेत, कुणी मागे राहिलं नाही, कुणी पुढे पळालं नाही. तुझीच ग्रुप राइड आहे ही."

वेशीशी रोलरवाल्याने खापर आधी खाली घेतलं, मग मला. मी त्याला मांडे खायला ये म्हटलं. तो आलाही दुपारी, आणि कुणापेक्षा कमी खाल्लं नाही त्याने.

अक्काच्या अंगणात चूल मांडलेली होती. पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या काड्यांचा, मोठा भारा शेजारी आणून ठेवलेला. मला तेव्हाच समजायला हवं होतं, मरणाऱ्या बाईने एवढं सरपण कशाला काढून ठेवलं. मी खापर पालथं घातलं, पीठ तिंबलं, पुरण भरलं आणि पहिला मांडा हातावर घेतला. अक्का बाजेवरून बघत होती.

"जाडा व्हयना."

जाड झाला म्हणते. मी दुसरा टाकला.

"हाऊ बी जाडा व्हयना. तुले कोनी शिकाडं?"

"तूच शिकवलंस."

"मंग तू ध्यान दिन्हं नई." आणि ती शाल बाजूला टाकून उठली. आधार न घेता उठली. चुलीपाशी येऊन बसली, बांगड्या कोपराकडे सरकवल्या, मला म्हणाली, "सरक तठून." आणि तिने मांडा असा फिरवला की पलीकडची चूल त्यातून दिसावी. नातू तोंड उघडून बघत होता. म्हणाला, "या आजारी होत्या ना?" सगळे जेवत होते. तूप नव्हतं, अक्काकडचं काढलं. मांडे, दूध, वर पुरणाच्या कटाची झणझणीत रशी. अक्काने स्वतः सगळ्यांपेक्षा जास्त खाल्लं आणि सुनांना नावं ठेवली. धाकटी बरी, थोरली फार बोलते. थोरली त्या दिवशी शिरपूरपासून दोन-तीन वाक्यांपलीकडे बोललीच नव्हती.

उन्हं कलली. नाला उजेडात ओलांडायला हवा होता. मी म्हटलं, आता खापर उतरवा, निघतो. अक्काने शेवटचा मांडा कधीच काढला होता, पण चुलीत आणखी पऱ्हाट्या सारल्या.

"गरम शे. आते नको हालाडू, तडकी जाई."

बरोबर आहे. तापलेलं खापर हलवायचं नसतं, वारा लागला की तडकतं. ते आपोआप निवू द्यावं लागतं. मी थांबले. थोड्या वेळाने परत चुलीकडे गेले तर जाळ तसाच. अक्का काड्या मोडून हळूच सारत होती. मी म्हटलं, अक्का, विझव ना. ती म्हणाली, जरा दूध तापाडस. दूध कुठे होतं? दूध आम्ही पिऊन बसलो होतो.

"अक्का, तू खापरासाठी मरत होतीस का?"

तिने एक काडी मोडली, चुलीत सारली. "अंधार पडी जाई. निघा तुम्हीन."

नातू म्हणाला, "आजी, आता नाही निघालो तर नाला दिसणार नाही." धाकटा गाडी चालू करून बसलाही होता, सर्वांत पुढे. मी त्या खापराकडे एकदा बघितलं. दिवसभर मांडीवर सांभाळलं, ढुंगणावर पडले पण त्याला पडू दिलं नाही, आणि आता ते माझ्यासमोर लालभडक होऊन बसलं होतं आणि कुणाला हात लावता येत नव्हता. लग्नाच्या दिवसांतली सगळी बोलावणी तिथेच चुलीवर राहिली. मी दोन शिव्या दिल्या. अक्काने त्या शांतपणे ऐकून घेतल्या आणि परतीसाठी मांडे बांधून दिले.

येताना मी थोरल्याच्या मागे बसले. मांडीवर काही नव्हतं, उसळले तरी चालण्यासारखं होतं. नाल्यातून चढल्यावर नातवाने तिन्ही गाड्या थांबवून सगळ्यांना नावानिशी हाका मारल्या आणि प्रत्येकाला ओ द्यायला लावली.

थोरल्याच्या ढोपराला वण राहिला. थोरली त्याच्या मागे परत बसायला लागली आहे. मला पुढच्या लग्नसराईत कुणी बोलावलं नाही. मांडे हवे असतील तर लोक आता शिरपूरच्या पलीकडे माणूस पाठवतात.

त्या दिवशी जेवढे निघालो तेवढे सगळे जिवंत परत आलो. खापर शाबूत आहे. अक्काही.